शीव बांधली त्या दिवशी

नोकरी लागली तेव्हा चांद्याच्या महाकालीशी माझा अबोला होता. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी तिच्या चैत्रातल्या जत्रेला गेले होते, लग्नानंतर जोडीने गेले होते, आणि पती तापाने अंथरुणाला खिळले तेव्हा एकटी जाऊन तिच्या पायरीवर डोकं टेकून आले होते. परत घरी पोचले तोवर ते गेलेले होते. त्या दिवसापासून मी तिला हात जोडले नाहीत. देव नाही असं मात्र कधी म्हटलं नाही. नसता तर रागावणार कुणावर? सासूबाई तिच्या तसबिरीपुढे दिवा लावायच्या आणि मी तोंड फिरवून चुलीकडे जायची. मला एवढंच विचारायचं होतं, की का? उत्तर मिळेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. आज त्याचं हसू येतं, पण तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि हट्टाला पेटले होते.

दोन वर्षं मी नागपुरास राहून सुईणीचं शिक्षण घेतलं. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती, सरकार खेडोपाडी दवाखाने उघडत होतं. मला नेमणूक मिळाली ती धानोऱ्याच्या वाटेवरच्या एका गावातल्या एका खोलीच्या बाळंतपण केंद्रावर. आमचं घर गडचिरोलीत. तिथून अकरा मैल जंगल. त्या गावी बिऱ्हाड करण्याजोगी जागा नव्हती, म्हणून केंद्राने मला एक सायकल दिली, मागच्या चाकाला पातळ अडकू नये म्हणून जाळी बसवलेली. ती चालवायला मला बाजारातल्या सायकलवाल्या चाचांनी शाळेच्या मैदानात शिकवलं. मी दर खेपेला त्याच एका खड्ड्यात पडायची. चाचा डोक्याला हात लावून म्हणायचे, "अवो बाई, तू खड्ड्याकडे पाहून राह्यली म्हणून खड्ड्यात जाऊन राह्यली!" आठव्या दिवशी मी खड्डा चुकवला आणि सरळ बाभळीवर जाऊन आदळले. चाचा खूश झाले, म्हणाले, आता तुला येते.

विधवा सून सायकलवर बसून रानात जाते, हे सासूबाईंच्या पचनी पडणं शक्यच नव्हतं. त्यांनी एकुलता एक मुलगा गमावला होता, त्यांच्याशी वाद घालायला माझी जीभ उचलत नसे. त्यांनी एकच अट घातली. "दिवेलागणीच्या आत घरी पाह्यजे. एक दिवस उशीर झाला, तर नोकरी सोडाची." नोकरी सुटली तर मला वरोऱ्याला भावाकडे जावं लागणार होतं, आणि भावाने स्पष्ट कळवलं होतं की तू एकटी ये, पोरीला सासरीच राहू दे. माझी मुलगी चार वर्षांची होती. तिच्याजवळ राहायचं तर ही नोकरी टिकायला हवी होती, एवढा माझा सगळा हिशेब.

रोज पहाटे मी निघायची. ते मोहाचे दिवस होते. ज्यांनी ते रान पाहिलेलं नाही त्यांना कसं सांगू? उजाडण्याआधी झाडाझाडाखाली लहान लहान आगट्या पेटलेल्या असायच्या, त्यांच्याभोवती बायका टोपल्या घेऊन बसलेल्या, आणि वरून मोहाची फुलं टप टप गळत असायची. हवेत इतका गोड वास की पायडल मारता मारता डोळे जड व्हायचे. सायकल चालते आहे की आपण झोपेत वाहत चाललो आहोत, हेही कळत नसे. कधी कधी वाटे, ही वाट अशीच संपूच नये, पुढे काही नसावं, मागे काही नसावं. पण अकरावा मैल यायचाच, आणि त्या एका खोलीत मी दिवसभर रिकामी बसायची. दीड महिना झाला, एकाही बाईने मला बोलावलं नाही. त्यांच्या सुईणी त्यांच्या घरच्या होत्या, शहरातल्या पांढऱ्या पातळाची त्यांना भीती वाटायची. मी गावागावांतून फिरले, चहा मिळाला, गूळ मिळाला, बाळंतीण मिळाली नाही. शेवटी जिल्ह्याच्या डॉक्टरांचा निरोप आला. मंगळवारी दहा वाजता ते स्वतः येणार होते. काम नसेल तर केंद्र बंद करायचं, असं त्यांच्या मनात होतं.

त्या मंगळवारी मी नेहमीपेक्षा लवकर निघाले. निदान केंद्र झाडून-पुसून, हत्यारं उकळून ठेवू, म्हणजे रिकामं तरी स्वच्छ दिसेल. सातव्या मैलावर गोंडांचं एक लहान गाव लागतं, रस्ता त्या गावातूनच जातो. तिथे पोचले आणि ब्रेक दाबला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या झाडांना कच्च्या सुताचा धागा बांधलेला, त्याला कडुलिंबाचे डहाळे लोंबत होते, खाली कुंकू, तांदूळ आणि एक मडकं. पलीकडे एक म्हातारा काठी घेऊन उभा होता. तो गावचा पुजारी, त्याला तिकडे भुमक म्हणतात.

"आज गाव बांधला आहे, बाई," तो शांतपणे म्हणाला. "बुडता दिवस होईपर्यंत कोनी अंदर येत नाई, कोनी भायेर जात नाई."

गुरांवर रोग आला की ते गावाची शीव अशी बांधून घेतात, म्हणजे रोगाला आत वाट राहत नाही. मला हे ऐकून माहीत होतं. मी विनवण्या केल्या, सरकारचं नाव सांगितलं, डॉक्टरांचं भय घातलं. आडवाटेने रानातून वळसा घालू म्हटलं, तर म्हणाला, शीव रानातूनही गेली आहे. तो धागा माझ्या करंगळीनेसुद्धा तुटला असता. पण तो म्हातारा ज्या विश्वासाने त्याच्यामागे उभा होता, त्याला हात लावायची माझी छाती झाली नाही.

मी सायकल मागे वळवली आणि दोनशे पावलांवर एका मोहाखाली बसकण मारली. घड्याळात साडेसात. मग मात्र माझा बांध फुटला. तोंडावर पदर घेऊन मी रडले आणि रडता रडता देवीला शिव्या घातल्या. नवरा नेलास, आता पोर पण तोडतेस? बोलत तर नाहीस, मग वाट कशाला अडवतेस? बराच वेळ भांडल्यावर लक्षात आलं की दोन वर्षांचा अबोला आपणच मोडला. तेव्हा मी स्वतःवरच चिडले. नंतर रडून थकले, फुलं टपटपत होती, ऊन पानांतून गाळून अंगावर येत होतं, आणि बसल्या जागी माझा डोळा लागला. मला स्वप्न पडलं नाही. कुणी दिसलं नाही. नुसता तो गोड वास, आणि कुणीतरी उशाशी बसलं असावं असं निर्धास्त वाटणं, एवढंच आठवतं. आजारपणात आई बसायची तसं.

"ओ बाई! उठ ना वो! माही सून मरून राह्यली!"

एक म्हातारी मला गदागदा हलवत होती. ती त्याच गावची. भल्या पहाटे, धागा बांधायच्या आधी, सुनेला घेऊन ती मोह वेचायला रानात आली होती. परत गेली तर गाव बांधलेलं. सुनेचे दिवस भरत आले होते, तिला कळा सुरू झाल्या, आणि गावची सुईण धाग्याच्या आत. माझी पेटी घेऊन मी तिच्यामागे पळत सुटले. नाल्याकाठच्या झाडाखाली एक कोवळी पोर घामाने चिंब होऊन पडली होती. मी तपासलं. बाळ पायाकडून येत होतं. इथलं माझं पहिलंच बाळंतपण, तेही असं.

म्हातारीची आगटी पेटलेलीच होती. तिच्या मडक्यात कात्री उकळली, साबणाने हात कोपरापर्यंत धुतले. बाळाचे पाय बाहेर आले. आता इथेच सगळी गोम असते. पाहणाऱ्याला वाटतं, धरून ओढावं. म्हातारीही ओरडत होती, "ओढ ना वो, वढून घे!" पण ओढलं की बाळ हात वर करतं आणि डोकं अडकतं. नागपूरच्या आमच्या बाई आमच्या बोटांवर पट्टी मारून शिकवायच्या: हात मागे घे, येणारं आपल्या गतीने येतं, आपण फक्त खाली तयार राहायचं. शिकताना ते सोपं वाटलं होतं. त्या झाडाखाली, ती पोर किंचाळत असताना, हात मागे घेऊन बसणं हे माझ्या आयुष्यातलं सर्वांत अवघड काम होतं. मी कधीच कशाची वाट पाहिली नव्हती. देवीच्या उत्तराचीसुद्धा नाही. मी ते वसूल करायला निघाले होते.

तेवढ्यात मागे पावलं वाजली. डॉक्टरांची जीप त्याच धाग्याशी अडली होती. वाटेवरची सायकल पाहून आणि आरडाओरडा ऐकून ते आत आले होते. बाळंतिणीला परक्या पुरुषाचा संकोच नको म्हणून ते थोड्या अंतरावर थांबले. मी वळून पाहिलं नाही, पण त्यांची नजर माझ्या रिकाम्या हातांवर आहे हे मला कळत होतं. बाई काहीच करत नाही, असंच दिसत असणार. तरी मी हात पुढे केला नाही. मनात एकच शब्द होता, "माय." मागणं नव्हतं त्यात, भांडणही नव्हतं. पाठीपर्यंत बाळ आलं, मग खांदे आले, आणि मग मी त्याला हलकेच उचलून धरलं, तसं डोकं सुटलं. मुलगी होती. काळीनिळी, गप्प. तोंड पुसलं, पाठ चोळली, फुंकर घातली. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग ती रडली, आणि म्हातारी मटकन खाली बसून माझ्या पायांना हात लावू लागली.

डॉक्टर तोंड फिरवून उभे होते. जीपमधून त्यांनी पाणी आणि स्वच्छ कापड पाठवलं. जाताना ते इतकंच म्हणाले, "मला बघायचं होतं ते मी बघितलं. केंद्र चालू राहील." मग आपल्या चिडलेल्या ड्रायव्हरला घेऊन ते आल्या वाटेने परत गेले.

रक्त थांबलं की नाही हे पाहायला मला तिथे बसणं भाग होतं. बाळंतिणीला हलवायचं तर शीव सुटायला हवी. दुपार कलली, मी तिचं पोट चोळत बसले. म्हातारी भानावर आल्यावर तिला गंमत सुचायला लागली. पायाळूची लाथ बसली की कंबर दुखायची थांबते म्हणतात, तिने नातीचं इवलंसं पाऊल धरून आपल्या कमरेला लावलं आणि म्हणाली, "मार बापा, वीस वरसं दुखून राह्यली." ती सूनही हसली. सूर्य माझ्या डोळ्यांदेखत खाली जात होता. दिवेलागणीला मी घरी पोचणार नव्हते, हे मला दुपारपासून माहीत होतं. भीती वाटत होती, पण उठावंसं वाटलं नाही.

दिवस बुडताना भुमकाने धागा काढला आणि गावची माणसं बाज घेऊन धावत आली. त्यांच्या बोलण्यातून मला कळलं की गाव बांधायचं ठरलं होतं गुरुवारी. म्हाताऱ्याने त्या पहाटे, त्या दोघी रानात गेल्यावर, गावाला उठवून सांगितलं, आजच बांधायचं. म्हणूनच सासू-सून बेसावध बाहेर राहिल्या. ठरल्याप्रमाणे गुरुवारी बांधलं असतं, तर कळा येताच त्या घरी परतल्या असत्या आणि मला कुणी हाक मारली नसती. मी त्याला विचारलं, असं अचानक का?

"सपनात माय आली. म्हने, आजच बांध."

"तुम्ही विचारलं नाही, का म्हणून?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही वेड्यासारखं बोलले होते. "मायले काऊन म्हणून कोन इचारते, बाई?"

त्याने मशाली देऊन दोन माणसं माझ्या सोबतीला धाडली. सात मैल मी सायकल हळू हळू चालवत होते आणि ते दोघं दोन्ही बाजूंनी धावत होते. मशालींचा उजेड झाडांवर हलत होता, रान जणू सोबत चाललं होतं. त्या उजेडात मला माझे पती आठवले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांची आठवण रागावाचून आली. मला उत्तर मिळालं असं मी म्हणणार नाही. ते का गेले, हे मला आजही ठाऊक नाही. पण ज्या धाग्याला मी शिव्या घातल्या तोच मला त्या झाडाखाली बसवून गेला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आपल्याला गाठीची एकच बाजू दिसते, म्हणून तिच्यावर किती चिडायचं?

घरी पोचले तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या. मुलगी झोपली होती. मी तयारच होते. त्यांनी माझ्या पातळावरचे डाग पाहिले, मशालवाली माणसं पाहिली, आणि मोरीत गरम पाणी काढलं. मी अंग धुवायला बसले तर स्वतः तांब्याने पाठीवर पाणी घालू लागल्या. लग्न झाल्यापासून त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

"माय-लेकरू जित्ते आहेत?" त्यांनी विचारलं.

"हो. मुलगी झाली."

त्यांनी आणखी एक तांब्या पाठीवर ओतला. मग नेहमीच्या कडक स्वरात त्या म्हणाल्या, "बरं. उद्या शिदोरी किती वाजता बांधून देऊ?"

मी मोरीतच हात जोडले. कुणाला, ते मला वेगळं करता आलं नाही.