त्याला नऊ पोरी लागतात

लोक मला चांगला मास्तर म्हणतात. म्हणू द्या. वळसंगच्या बाजूला एका शाळेत होतो तेव्हाचं सांगतो, मग ठरवा.

आठवीच्या वर्गात एका मेंढपाळाची पोर होती. डोळ्यांदेखत आई साप चावून गेली, तेव्हापासून हिची वाचाच बसली. बाप मेंढरांमागं गावोगाव, ही चुलतीकडं. डॉक्टर झाले, देवऋषी झाला. वर्षभर एक शब्द नाही. खो-खोला एक पोर कमी पडत होती म्हणून मी हिला घेतलं. दया वगैरे काही नव्हती, नऊ भरायच्या होत्या.

आता खो-खोत बसलेल्या गड्याच्या पाठीला नुसता हात लावून भागत नाही. तोंडानं ‘खो’ म्हणावंच लागतं, नाहीतर फाऊल. ही हात लावायची, मी शिट्टी मारायचो. पोरी वैतागायच्या, “अगं ये बये, तोंड हाय का न्हाय तुला?” तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी फाटक्या आवाजात ओरडली, “खो!” पोरी खेळ सोडून नाचायला लागल्या. मला रडू आलं, कशाला लपवू.

महिन्याभरात एवढी बोलायला लागली की वर्गात मीच म्हणायचो, “गप बस की गं जरा!” फोनवर बापाला जेवलास का म्हणून दटावायची. तो तिकडं नुसता रडायचा.

मग माझी बुद्धी नासली. शिष्यवृत्तीचा निकाल साहेबांना दाखवायचा होता. खेळाचा तास बंद केला, जादा तास लावला. पोरी म्हणाल्या, “सर, अर्धा तास तरी की.” मी खेकसलो, “खेळून कुणाचं पोट भरलंय का?” ती मागच्या बाकावर गेली. आधी हसणं थांबलं, मग हजेरीला नुसता हात वर. मला दिसत होतं. दिसत नव्हतं म्हणालो तर जीभ झडेल माझी. दिवाळीनंतर बाप तिला सोबत घेऊन गेला. निकाल झकास लागला. मला शाल मिळाली, नारळ मिळाला. डोंबलाचा सत्कार!

पुढच्या वर्षी टेंभुर्णीजवळ एका रानात खतासाठी मेंढरं बसवलेली दिसली. बापानं ओळखलं, पळत आला. पोर लांब उभी होती. टाळ्या वाजवून, खडे मारून मेंढरं वळवत होती. तोंडातून हाक नाही.

“पुन्ना गप झाली, मास्तर,” बाप म्हणाला. “डॉक्टरला जमलं न्हाय ते तुमाला जमलं हुतं. तवा काय केलतं तुमी? सांगा की. मी हितं करतो.”

माझा हात धरून तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. त्याला नऊ पोरी लागतात, एक मैदान लागतं, आणि ते मीच बंद केलं, हे माझ्या तोंडून निघेना. “बघू,” म्हणालो, आणि गाडीला किक मारली.