मुराळी जेवला का?

अक्का सकाळी गेली. चहाला उठवायला गेलो तर उठलीच नाही. इथले जळगावच्या मेहरूणमधले शेजारी लगेच आले, पण धुळ्याकडच्या नातेवाइकांना मीच एकेक करून फोन लावले आणि प्रत्येकानं आधी तेच विचारलं, "काय झालं होतं?" काही नाही हो, वय झालं होतं, झोपेतच गेली... दिवसभर मी हेच सांगत राहिलो. दारावर आलेल्यांनाही तेच. एकदाही चिडलो नाही. दुपारी बायको, शैला, माझ्याकडे बघून म्हणाली, "आज किती शांतपणे उत्तरं देताय." तिला काय म्हणायचं होतं ते मला बरोबर कळलं.

अक्का म्हणजे माझी आई. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची, म्हणून आम्हीही. शेवटच्या काही वर्षांत तिचं डोकं मागे मागे सरकत गेलं. आधी नातवंडांची नावं गेली, मग माझे वडील गेल्याचंच विसरली, मग जळगावचं हे घर ओळखीचं राहिलं नाही. उरली ती सासरी नवीन आलेली पोर आणि तिची आखाजी. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकीला माहेरी न्यायला भाऊ येतो, तो मुराळी. अक्काचा मुराळी म्हणजे आबामामा, धुळ्याजवळच्या खेड्यातून यायचा. त्याला जाऊनही कित्येक वर्षं झाली. पण ऊन कललं की अक्का दाराशी खुर्ची ओढायची, कापडी पिशवी मांडीवर घ्यायची आणि तो आला का म्हणून सुरू... "मुराळी उना का रे?"

सुरुवातीला मी खरं सांगायचो. अक्का, मामा गेला. ती रडायची, अगदी आत्ताच कळल्यासारखी, आणि डोळे पुसून झाले की पुन्हा विचारायची. एका बाईला रोज संध्याकाळी तिच्या भावाच्या मरणाची बातमी द्यायची... मला ते झेपेना. मग ऐकू न आल्याचं सोंग केलं, टीव्हीचा आवाज वाढवला, एकदोनदा ओरडलोही. ओरडलं की ती गप्प व्हायची आणि थोड्या वेळानं दबक्या आवाजात तेच विचारायची. शेवटी डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका, तिच्या कलानं घ्या. तेव्हापासून मी म्हणू लागलो, "निघालाय अक्का, येतोच आहे." ती हसायची. आम्हाला वाटलं, सुटलो.

त्याच सुमारास अक्कानं संध्याकाळचं जेवण सोडलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी दुधात कुस्करून दिली, मऊ खिचडी दिली, तरी तोंड मिटून बसायची. लुगडं अंगावर सैल होऊ लागलं. भुकेचं औषध बदललं, दात दाखवून आणले. शैला तर रडकुंडीला आली. एका संध्याकाळी मी भाजीची पिशवी घेऊन दमून आत आलो. अक्काचं ताट नेहमीसारखं पडलेलं. कंटाळून शैलाला म्हटलं, मलाही इथेच वाढ, आणि अक्कासमोर खाली बसलो. अक्का माझ्याकडे टक लावून बघत होती. म्हणाली, "जेवी ले भाऊ, थकेल दिसस तू." मी मुकाट्यानं जेवलो. माझं ताट रिकामं झालं तसं तिनं स्वतःचं ओढलं आणि सगळं संपवलं. शैलानं हळूच विचारलं, "अक्का, मग इतके दिवस का नाही जेवलात?"

"तो नही जेवना, मी कसी जेवू?"

पिशवी घेऊन दमून आलेला मीच तिला मामा वाटलो होतो. मुराळी वाटेवर आहे असं आम्हीच सांगत होतो. आणि लांबून आलेला भाऊ जेवल्याशिवाय आमच्याकडची बहीण घास घेत नाही. आमच्या त्या सोयीच्या उत्तरानं म्हातारी रोज उपाशी बसत होती! ती सारखं विचारायची ते मामाचं जेवायचं बघायचं होतं म्हणून, एवढी साधी गोष्ट आम्हाला सुचली नाही.

मग रोज संध्याकाळी मी मागच्या दारानं बाहेर पडायचो आणि पिशवी घेऊन पुढच्या दारानं आत यायचो. "मुराळी उना का?" "उना." भूक असो नसो, आधी मी जेवायचो. प्रश्न काही थांबला नाही. दमलो होतो, खोटं कशाला सांगू... कुणाच्या लग्नाला जाता आलं नाही, मुलाकडे पुण्याला जाणं तर दूरच. पण ती जेवत होती.

ती गेल्यावर कुणीतरी म्हणालं, "मुराळी आला न्यायला." लोक चांगल्या मनानंच बोलतात, पण मला ते लागलं. मुराळी तर मी होतो. आणि मी न्यायला कधीच येत नव्हतो, तिनं दोन घास खावेत आणि इथे राहावं म्हणून येत होतो.

तिची पिशवी अजून दाराजवळच्या खुंटीला आहे. शैला घर आवरते, पण तिला हात लावत नाही. परवा संध्याकाळी ताट समोर आलं आणि मी नुसताच बसून राहिलो. स्वयंपाकघरातून शैलानं विचारलं, "मुराळी जेवला का?"

मला स्पष्ट ऐकू आलं होतं. तरी म्हटलं, "काय म्हणालीस?"

तिनं पुन्हा विचारलं.