जोडीचा पुडा

माझ्या आत्याला सगळे ‘वायानको’ म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि ती ओ देते. शिवणकामाच्या कारखान्यात काजं-बटणं करण्यात तिची उमर गेली. रोज घरी येताना खिशात दोऱ्यांचे तुटके तुकडे. त्या तुकड्यांनी तिनं उशी भरली आहे. एकदा मी त्या उशीवर झोपले, तर मान अशी धरली की चार माणसांत मला वाकड्या मानेनं भांडावं लागलं.

कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा ती काकाच्या, म्हणजे तिच्या थोरल्या भावाच्या दारात उभी राहिली आणि बापाच्या रानातला वाटा मागितला. काकानं दिला. कुठला? उताराच्या तळाची चुनखडीची पट्टी. बूट घालून चाला, घरी येऊन भिंतीला सफेदी करा, अशी माती. वर अट.

“सोयाबीन लाव. यंदा रान हिरवं दिसलं तर कागद करून देतो. पिवळं राहिलं तर माझा ट्रॅक्टर मोकळा झाला की नांगर घालणार आणि जनावरांसाठी गवत पेरणार. मग वाट्याचं नाव काढायचं नाही.”

“काका, हा वाटा आहे की परीक्षा?” मी म्हटलं.

“तू गप गं,” आत्याच माझ्यावर उखडली. “दादा देतोय ना!”

मी शाळा अर्ध्यावर सोडलेली बाई. पण कचेऱ्यांतल्या टेबलांना माझा आवाज पाठ आहे. दुसऱ्यांच्या वाट्यांसाठी मी मोर्चे काढते, आणि माझ्याच घरात मला गप बसवलं जातं. असो.

सोयाबीन उगवलं, गुडघ्याकडे निघालं आणि वरून पिवळं पडायला लागलं. खालची पानं हिरवी, शेंड्याची पिवळी, फक्त शिरा तेवढ्या हिरव्या. मी आत्याला ओढत माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नेलं. भांडायच्या तयारीनं गेले होते, पण तिथली बाई निघाली सरळ. तिनं पान उजेडाला धरलं आणि मातीचा निकाल पाहिला.

“लोह कमी पडतंय. मातीत आहे, पण चुन्यानं कोंडून ठेवलंय. कपाटात कपडे आहेत आणि किल्ली दुसऱ्याकडे, तसं. मुळाला मिळत नाही, तर पानावर द्या. लोहाची पावडर, सोबत थोडं लिंबूसत, पाणी स्वच्छ. ऊन उतरल्यावर फवारा. आणि त्यात दुसरं काही मिसळू नका.”

शेवटचं वाक्य आत्यानं ऐकलं. मी साक्षीदार आहे. मान हलवून ऐकलं.

मला दुसऱ्या दिवशी एका धरण्याला जायचं होतं. आत्या एकटीच खताच्या दुकानात गेली. संध्याकाळी मी रानात पोचले तर ती ड्रमात काठी घालून ढवळत होती आणि आत नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या.

“आत्या, हे काय केलंस?”

“अगं, विरघळतच नाहीये. मघापासून ढवळतेय.”

“काय काय घातलंस?”

“लोह. लिंबूसत. आणि हा पुडा.”

पुडा स्फुरदाच्या, म्हणजे फॉस्फरसच्या खताचा. दुकानदारानं लोहाच्या पिशवीसोबत गळ्यात मारलेला. जोडीनं घ्या, नाहीतर पिशवी मिळणार नाही. ही जोडी मी ओळखून आहे. खपणाऱ्या मालाच्या शेपटीला न खपणारा माल बांधायचा आणि वर हसून ‘ताई’ म्हणायचं.

“घेतलास तो घेतलास, पण ओतलास कशाला?”

“मग काय फेकून देऊ? विकत घेतलाय!”

“त्या बाईनं सांगितलं होतं ना, दुसरं काही मिसळू नका!”

“दुसरं म्हणजे मला वाटलं विषारी काहीतरी. हे खतच आहे की. वाया कशाला घालवायचं?”

मी कपाळावर हात मारला. लोह आणि स्फुरद एकमेकांना चिकटून तळाला बसले होते आणि वर राहिलं होतं नुसतं पाणी. तेही तिनं पंपात भरून पाहिलं, गाळणीतून गाळून गाळून. नोझल तुंबलं. तिनं फुंकलं, पुन्हा तुंबलं. अंधार पडेपर्यंत पंप पाठीवर घेऊन फिरली आणि पानांना अंघोळ घातली. पिवळं ते पिवळंच.

सकाळी मी दुकानात. गुठळ्यांचा डबा थेट काउंटरवर.

“ही तुमची जोडी.”

“ताई, कंपनी मला जोडीनं देते, मी तुम्हाला जोडीनं देतो.”

“एकत्र कालवायचं नाही हे सांगायला जीभ झिजते?”

“पुड्यावर छापलंय.”

छापलं होतं. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, शिवणीच्या आत.

“नुसतं लोह द्या.”

“संपलं. गाडी येईल तेव्हा.”

“कधी येईल?”

“आली की कळेल.”

अशा उत्तराला काय करायचं? मी बोलायचं ते बोलले. रस्त्यावर गर्दी जमली, गर्दीची करमणूक झाली, लोह काही उगवलं नाही. तिकडे काकाचा ट्रॅक्टर वरच्या रानात घरघरत होता.

घरी आले तर आत्या चहाच्या जुन्या डब्यातून पावडर काढत बसलेली.

“हे कुठून आणलंस?”

“पिशवी फोडली तेव्हाच मूठभर बाजूला ठेवलं होतं. असावं म्हणून.”

तिच्या ज्या खोडीवर मी रात्रभर दात खात होते, त्याच खोडीनं ही मूठ वाचवली होती. चिडावं की पाया पडावं? मी चिडले. सवय.

जेमतेम एका पंपाचं औषध. मी म्हटलं, “रस्त्याकडच्या ओळींवर मार. काका तिथूनच बघतो.”

“आणि आत पिवळं?”

“आत कोण जातंय?”

“मला रान करायचंय, देखावा नाही करायचा,” ती म्हणाली आणि पट्टीच्या मधोमध, सगळ्यात पांढऱ्या जागेत जाऊन उभी राहिली. ऊन उतरलं तशी फवारली. बारीक धुकं, पान ओलं होईल पण ठिबकणार नाही इतकं.

तो पट्टा हिरवा झाला. खोटं सांगत नाही, बांधावरून दिसायचा. पिवळ्या चादरीला हिरवं ठिगळ. आत्या रोज दुकानात विचारायची, गाडी आली का? नाही. तोवर ठिगळाच्या शेंड्याला नवी पानं फुटली, आणि ती पिवळी.

काका ट्रॅक्टर घेऊन आला. ठिगळापर्यंत चालत गेला, एक पान तोडलं.

“हे हिरवं कसं झालं?”

“औषध पडलं म्हणून. तेवढंच होतं, दादा.”

“आणि हे वरचं पिवळं?”

“ते नंतर फुटलंय. एका पानाला दिलेलं दुसऱ्या पानाकडे जात नाही. पुन्हा द्यावं लागतं.”

“किती वेळा?”

“लागेल तितक्या वेळा.”

काका पान चुरगळत राहिला. “बोली रानाची होती. ठिगळाची नव्हती.”

मी तोंड उघडलं. आत्यानं माझं कोपर असं दाबलं की आवाज घशातच राहिला.

“बरं, ठिगळ तुझं,” काका म्हणाला. “त्याचा कागद करतो. बाकीचं मोडतो.”

आणि मोडलं. वळताना नांगर ठिगळाच्या कडेची ओळ खाणार, तेवढ्यात आत्या त्या ओळीत जाऊन उभी राहिली. काकानं हॉर्न वाजवला. ती हलली नाही. ट्रॅक्टरला वळसा घ्यावा लागला. एवढ्याच गोष्टीवर मी त्या दिवशी जेवले.

उपटलेली पिवळी झाडं तिनं गोळा केली आणि काकाच्याच गोठ्यात नेऊन टाकली. का, तर वाया कशाला?

त्यानंतर गाडी आली. भिजून चिंब झालेल्या माणसाला मग छत्री द्यावी तशी आली. मी आत्यासोबत दुकानात गेले. दुकानदारानं लोहाची पिशवी ठेवली आणि वर पुडा. मी बाह्या सरसावल्या. आत्यानं मुकाट्यानं दोन्हीचे पैसे दिले, पिशवी उचलली आणि पायऱ्या उतरली.

“अहो मावशी, पुडा राहिला!”

“राहू दे,” ती मागं न बघता म्हणाली.

“पैसे का दिलेस मग?” मी वाटभर ओरडत होते. “त्याला सोडणार नाही मी! तक्रार करणार आहे!”

“कर. पण आधी ड्रम घासून दे. तळाला अजून गुठळ्या आहेत.”

मी ड्रम घासला. ऊन उतरत होतं. ती पाठीवर पंप चढवून आपल्या ठिगळात शिरली होती.