वाटणीत राहिलेला कुत्रा

आम्हा तिघा भावांची वाटणी झाली तेव्हा शेत वाटलं, विहिरीचं पाणी वाटलं, वडिलांचा पितळी बंब, गच्चीवरची प्लास्टिकची टाकी, सगळं वाटलं. कुत्रा तेवढा राहिला. तो त्या वेळी पंचांच्या चपलांपाशी बसून त्यातली एक चावत होता. त्याला हाकलायला मीच उठलो होतो, पण हाही वाटायचा आहे हे माझ्या काही डोक्यात आलं नाही.

मिरचीची पथारी मात्र आम्ही एकत्र ठेवली. नंदुरबारच्या कडेला आमचं मोकळं रान आहे. दिवाळीनंतर त्यावर ओली लाल मिरची पसरायची, दाताळ्यानं परतायची, वाळली की बायांनी निवडायची. लांबून बघणाऱ्याला गालिचा वाटतो, जवळ आलेला शिंकतो. हंगामात आमच्या घरात सगळ्यांचे डोळे लाल, आवाज बसलेले, नाकातोंडाला पाणी. एकदा पुण्याचे पाहुणे दारातच थबकले आणि हळूच विचारते झाले, "कोण गेलं?"

कुत्रा ही पथारी राखायचा. धाकट्याच्या पोरांनी त्याला पिल्लू असताना आणलेलं, थोरल्या भावाच्या दारात तो झोपायचा, आणि माझ्या ताटातली हाडं खायचा. भाकरी मात्र रोज वहिनीच टाकायची. वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. आई गेल्यावर आम्हा दोघा धाकट्यांना तिनंच मोठं केलं, त्यामुळे भाकरी टाकणं हे तिचं कामच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

एके दिवशी नगरपालिकेची भोंगा लावलेली रिक्षा पथारीशेजारून गेली. हद्दीतल्या पाळीव कुत्र्यांची नोंद करा, दरवर्षी रेबीजची लस टोचा, दाखला जवळ ठेवा, नाहीतर मालकावर कारवाई होईल; कुत्रं चावलं तर जखम साबण लावून धुवा आणि दवाखान्यात या. धाकटा म्हणाला, "भाऊ, कुत्राले सुई टोचनी पडी."

"मंग टोच," थोरला म्हणाला. "तुन्हाच पोरेस्नी आणेल शे तो."

"आणेल व्हई. पन झोपस तर तुमना दारमा."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मन्हा दारमा मांजर शे. तेबी मन्हं नई."

वहिनी पलीकडे मिरचीचे देठ खुडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तुमनी पंचायत व्हई गई व्हई तर त्या भोंगाले बी आयका. तो काहीतरी कामनं सांगी ऱ्हायना."

भोंगा तोवर पुढच्या पथारीवर गेला होता.

त्यानंतर काही दिवसांनी भरदुपारी एक परका कुत्रा पथारीवर शिरला. अंगावर केस नव्हते, मान एका बाजूला कललेली, आणि समोर येईल त्याला तो तोंड मारत होता. पोत्याला, दगडाला, बाईच्या लुगड्याला. बाया किंचाळत पळाल्या. आमचा कुत्रा लांबून एका रेषेत आला आणि त्याच्या छातीवर आदळला. कुत्र्यांची भांडणं मी पुष्कळ पाहिली आहेत, त्यांत आवाज जास्त असतो. या भांडणात आवाज नव्हता. नुसती हाडं चावल्याची करकर. दोघे एकमेकांच्या तोंडात तोंड घालून मिरचीत लोळत होते. आमच्याचा कान अर्धा फाटून लोंबत होता, ओठ उसवला होता, पण त्यानं धरलेला गळा सोडला नाही. परका पाय झाडत झाडत थंड झाला तरी हा त्याला हिसडे देतच राहिला.

"मन्हा वाघ शे हाऊ!" थोरला ओरडला.

"आमना कुत्रा शे, आमना!" धाकट्यानं पथारीभर सांगितलं.

मी मागे राहतो की काय? मी त्याच्या रक्ताळलेल्या तोंडाशेजारी बसून फोटो काढला आणि 'आमचा रक्षक' असं लिहून घरच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळी मटण झालं. फाटक्या ओठाला हळद लावली. त्याला जनावरांच्या दवाखान्यात न्यावं, असं कोणी म्हणालं नाही. वाघाला कोण नेतं?

महिना-दीड महिना गेला असेल. कुत्र्याचा आवाज बसला. भुंकायला लागला की मधेच फाटायचा. तोंडातून लाळ, डोळे लाल. आता दुसऱ्या कुठल्याही गावात लोक घाबरले असते. पण आमच्याकडे त्या दिवसांत माझा आवाज तसाच होता, थोरल्याचे डोळे तसेच होते, आणि धाकट्याच्या तोंडाला तर बारमाही पाणी. कुत्रा दाताळ्याचा दांडा कुरतडायला लागला, आणि एका सकाळी चक्क ढिगातली वाळकी मिरची कराकरा चावताना दिसला. थोरल्यानं निदान केलं, "मिरची लागनी त्याले. गूळ टाका."

निदान सगळ्यांना पटलं. मला तर इतकं पटलं की मी घरून ताकही मागवलं.

कुत्रा ताकाजवळ आला, वाकला आणि मान झटकून मागे सरला. वहिनीनं तळहातावर गुळाचा खडा घेतला. "खाय रे बाबा," असं म्हणत हात पुढे केला.

त्यानं गूळ सोडला आणि हात धरला. मनगटाच्या वर, पुढून मागे आरपार, आणि धरल्यावर सोडलाच नाही. वहिनी खाली पडली. तो तिला ओढत होता, त्याचे पाय मिरचीत घसरत होते, आणि वहिनीची बांगडी त्याच्या दातांखाली फुटल्याचा आवाज मला स्पष्ट आला. स्पष्ट आला, कारण मी उंचावर होतो. पोत्यांच्या थप्पीवर मी कधी आणि कसा चढलो ते आजही सांगता येत नाही. एरवी मला जिना चढताना मधे थांबावं लागतं. लग्नकार्यात ही गोष्ट सांगताना मी माझी थप्पी दरवेळी एका पोत्यानं कमी करतो, पण खरी सात पोत्यांची होती. तिथून मी ओरडत होतो, "मारा, डोक्यात मारा!"

थोरल्यानं दाताळं घातलं. पहिल्या घावात दाताळ्याचे दात मोडले, कुत्र्याचे नाही. धाकटा फावडं घेऊन धावला. त्याचा एक घाव थोरल्याच्या पायावर बसला आणि थोरल्यानं त्या अवस्थेतही त्याला शिवी घातली. मग दोघांनी मिळून मारलं. पाठीवर, मानेवर, कवटीवर. कुत्रा एकदाही केकाटला नाही. त्याची कवटी दबली तरी जबडा मिटलेलाच राहिला, शेवटी फावड्याचं पातं दातांत घालून उचकटावा लागला. मिरचीवर रक्त दिसत नाही. ती जागा ओली लागली म्हणून कळलं.

थोरला धापा टाकत वळला आणि पोत्यातून मूठभर तिखट घेऊन आला. आमच्याकडे कुत्रं चावलं की जखमेत तिखट भरतात, जहर जळून जातं म्हणून. वडिलांच्या पोटरीत भरलं होतं, माझ्या टाचेत भरलं होतं, आणि आमच्याकडे तर तिखटाला काय तोटा! त्यानं वहिनीचा हात धरला.

वहिनीनं चांगल्या हातानं त्याच्या थोबाडीत दिली. तिखट त्याच्याच डोळ्यांत गेलं.

"हात लावशी तर याद राख," ती म्हणाली. तीस वर्षांच्या संसारात ती त्याच्याशी पहिल्यांदा एकेरीत बोलली. "त्या भोंगानी काय सांगं व्हतं? साबण लावा, धुवा. साबण आन!"

हा साबण तिनं पथारीच्या नळाखाली उकिडवं बसून लावला. तिची बोटं मिरचीनं माखलेलीच होती. जखमेत साबण आणि मिरची एकदमच गेली असणार. ती दात आवळून पाणी सोडत राहिली, पुन्हा साबण, पुन्हा पाणी. शेजारी थोरला त्याच नळाच्या धारेत डोळे धूत रडत होता. मिरचीमुळे, असं तो अजून सांगतो.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिलं विचारलं, "तिखट भरलं का?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं केलंत. कुत्रा पाळलेला की मोकाट?"

मी थोरल्याकडे बोट दाखवलं, थोरल्यानं माझ्याकडे.

"लस टोचलेली?"

दोघांनीही बोटं खाली घेतली.

"पाळलेल्या कुत्र्याला लस टोचणं हे मालकाला बंधनकारक आहे, हौसेचं काम नाही. यांच्याऐवजी रस्त्यावरच्या कुणाला फाडलं असतं तर पोलीस तुमच्या दारात आले असते." एवढं बोलून त्यांनी सुई भरली आणि ती सरळ वहिनीच्या जखमेत घातली. एकदा, दोनदा, जखमेच्या चारही बाजूंनी. वहिनीनं पलंगाची दांडी धरली. मी भिंतीला धरलं. बाईंनी वळून आमच्या भेगाळलेल्या हातांकडे पाहिलं आणि विचारलं, "याला हातानं कोणी कोणी खाऊ घातलं?" मग लाळ लागलेल्या सगळ्यांच्या दंडात सुया झाल्या. माझीही.

थोरल्यानं दारात त्यांना गाठलं. "बाई, वाची ना ती?"

"वेळेत आणलंत. एकही सुई चुकवायची नाही. हा रोग एकदा दिसायला लागला, घशाखाली पाणी उतरेना झालं, की कोणाच्याच हातात काही राहत नाही, म्हणून आधीच सगळं करायचं. बाकी आता वाट बघायची."

इकडे मागे राहिलेल्या धाकट्यानं रक्ताची मिरची वेगळी काढून पेटवून दिली. मिरचीच्या धंद्यात वाढलेल्या माणसानं मिरची पेटवली! आजूबाजूच्या पथाऱ्यांवरची माणसं खोकत, शिव्या देत, काठ्या घेऊन धावून आली. तक्रार गेली आणि दुसऱ्या दिवशी नगरपालिकेचा माणूस घरी आला. धुरावरून तो मेलेल्या कुत्र्यावर आला.

"कुत्रा कोणाचा?"

थोरल्यानं धाकट्याकडे पाहिलं, धाकट्यानं माझ्याकडे, आणि मी मांजरीकडे.

"मन्हा शे," वहिनी आतून म्हणाली. पट्टी बांधलेला हात छातीशी धरून बाहेर आली. "फोटो काढाना टाइमले तो सगळास्ना व्हता. वाटणीमा कोनी लिधा नई. मंग भाकर मी टाकू, तो मन्हाच. काय कारवाई करनी ती मन्हावर करा."

माणूस गोंधळला. "ताई, चावलाय पण तुम्हालाच ना?"

"हा. तेबी करी लिधं त्यानी."

थोरला एकदम उभा राहिला. "नई. मन्हा शे. मन्हा दारमा झोपे." मग धाकटा उठला, मग मीही. एका कुत्र्याला चार मालक, आणि तो खड्ड्यात. माणसानं डोक्याला हात लावला आणि थोरल्याला नगरपालिकेत येऊन खुलासा द्यायला सांगितलं.

वहिनीच्या सगळ्या सुया झाल्या, एकही चुकली नाही. पण चावला त्या दिवशी कुत्र्यानं ताकावरून मान कशी झटकली, ते थोरल्यानं पाहिलं होतं. दुसऱ्याच सकाळी तो पाण्याचा पेला घेऊन तिच्यासमोर उभा राहिला. ज्यानं आयुष्यात स्वतःसाठी पाणी घेतलं नव्हतं, तो माणूस. ती पिईपर्यंत तो तिच्या गळ्याकडे बघत राहायचा. घोट खाली उतरला की त्याचे खांदे खाली यायचे.

हंगाम संपला, पुढचा आला. पथारीवर नवं पिल्लू आहे. त्याला सुया टोचल्यात, गळ्यात पट्टा आहे आणि दाखल्यावर वहिनीचं नाव आहे. वहिनीच्या हातावर दोन्ही बाजूंनी गाठी उरल्यात. ती बोटं पूर्ण मिटू शकत नाही, देठ खुडताना तिसऱ्या बोटाचा आधार घेते. पेला अजून रोज सकाळी येतो.

मागच्या आठवड्यात मी तिथेच चहा पीत होतो. वहिनीनं पेला तोंडाला लावला, थांबली आणि मान झटकली. थोरला एका क्षणात पांढराफटक पडला. त्यानं दाराची चौकट धरली.

वहिनीनं त्याच्याकडे पाहत पेला घटाघटा रिकामा केला आणि परत त्याच्या हातात दिला.

"गार शे," ती म्हणाली. "सकायले कोमट आनत जा."