वच्छलाबाईंची बरणी

पडदा वर जातो, आणि दिसतं शिरूर-दौंड रस्त्यावरच्या फाट्यावरचं एक दुकान. पुढं बाकडं, आत रॉकेलचं पिंप, फळीवर काचेची बरणी. बरणीत डोकेदुखीच्या लाल-पिवळ्या कॅप्सूल. मागं वच्छलाबाई उभ्या, पदर खोचलेला, हातात रॉकेलचं माप.

मी तेव्हा तमाशात सोंगाड्या होतो. जत्रांच्या दिवसांत आमचा ट्रक त्या फाट्यावर थांबायचाच, कारण रात्रभर कर्णे ऐकून डोकं ठणकायचं. अख्खी पट्टी विकत घेणारं गिऱ्हाईक तिथं नव्हतं. म्हणून वच्छलाबाई दौंडहून पट्ट्या आणून कॅप्सूल सोडवायच्या, बरणीत भरायच्या आणि मागेल त्याच्यापुढं बरणी सरकवायच्या.

"तुमच्या हातानं घ्या, आप्पा. माझ्या बोटाला रॉकेल हाय. डोकं ऱ्हाईल बाजूला आन् पोट धरून बसाल."

"बरंच की! वगात रडायचं सोंग आयतं जमेल."

"तुमी रडला तरी लोकं हसत्यात. घ्या, गिळा."

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात कुरकुंभच्या कारखान्यातून पाळी संपवून येणाऱ्या चांगदेवनं तिथं एक कॅप्सूल घेतली. घरी जाऊन आडवा झाला तो उठलाच नाही. त्याच संध्याकाळी, त्याच बरणीतली कॅप्सूल घेतलेली धुरपदा म्हातारी गेली. पोलिसांनी बरणी नेली. उरलेल्या कॅप्सूलांपैकी काहींत औषधाऐवजी विष निघालं. कुणीतरी टोपणं उघडून, भरून पुन्हा नीट बसवली होती.

पट्ट्यांचे कागद केव्हाच चुलीत गेलेले. माल मुळातच तसा आला की दुकानात बिघडला, हे कळायला मार्ग उरला नाही.

"बरणीत हात कुणी कुणी घातला?" फौजदारांनी विचारलं.

"समद्यांनी, सायेब. मीच घालाया लावला."

गावानं एक नाव तयार ठेवलं होतं. बन्सी. बांधावरून त्याचं चांगदेवशी वाजलं होतं, आणि आदल्या दिवशी तोही कॅप्सूल घेऊन गेला होता. वच्छलाबाईंनी नुसती मान हलवली असती तरी बन्सी आत गेला असता आणि दुकान सुरू राहिलं असतं. फौजदारांनीही सुचवलं, "बाई, संशय तरी सांगा. नाहीतर लोक तुमचंच नाव घेतील."

"हात घातला त्यानं, व्हय. पर इख घालताना म्या न्हाई बघितलं. कसं सांगू?"

बन्सी सुटला. गुन्हेगार आजवर सापडला नाही. लोकांनी मात्र वच्छलाबाईंच्या हातचं मीठसुद्धा घेणं सोडलं. बन्सीही समोरच्या नव्या दुकानात जाऊ लागला. वच्छलाबाई बाकड्यावर चहा मांडायच्या, आधी स्वतः घोटभर पिऊन दाखवायच्या. तरी कुणी बसेना. आम्हा तमाशावाल्यांना रिकामा तंबू माहीत असतो, पण रोज सकाळी पडदा उघडायचा आणि समोर कुणीच नाही, हे कसं सोसायचं, ते आम्हालाही कुणी शिकवलं नव्हतं.

शेवटी कुलूप लावून त्या दौंडला, लेक सुषमाकडं, रेल्वे कॉलनीत राहायला आल्या. गोष्ट तिथंही पोचलेली होती. सुषमाच्या हळदीकुंकवाला बायका यायच्या, कुंकू लावून घ्यायच्या आणि ओटीतले हरभरे जिन्याखाली टाकून जायच्या. सकाळी वच्छलाबाईच ते झाडून काढायच्या. रागवायच्या नाहीत. रागवायला जोर लागतो, तो संपला होता.

दोन हजार सहाला मी त्यांना भेटायला गेलो. त्याच वर्षी त्या गेल्या, म्हणून ती भेट शेवटची. आम्ही जत्रांचं बोललो, कोण कोण राहिलंय त्याची उजळणी केली. मग त्यांनी स्वतः उठून चहा केला, चांगला दाट, गोड. मला नुकतीच साखरेची बंदी झाली होती. इतक्या मायेनं केलेला चहा, नाही कसं म्हणावं, या विचारात मी कपाकडं बघत राहिलो. वच्छलाबाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी काही बोलायच्या आत हळूच म्हणाल्या,

"प्यायचा तर प्या, आप्पा, न्हाईतर मोरीत वता. पर आसं बघत बसू नगा."