लोआंगोचा राजा आणि माझी खुर्ची

वसंतराव चहाचा पहिला घोट घेण्याआधी चमच्याने कपावर टणटण वाजवायचे आणि फर्मान सोडायचे, "माना खाली!" परदेशातल्या आमच्या तोआ पायोह वस्तीतल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, आमची पहिली भेट झाली, तेव्हा मी घाबरून नूडल्समध्ये नाक घातलं होतं.

"वहिनी, लोआंगोच्या राजाला खातापिताना कुणी बघायचं नसतं. बघणाऱ्याला देहदंड!"

ते निवृत्त मरीन इंजिनियर. आफ्रिकेत काँगो नदीच्या मुखाच्या जरा उत्तरेला पूर्वी हे लोआंगो राज्य होतं. तिथल्या किनाऱ्यावर त्यांचं जहाज एकदा महिनाभर अडकलं. पुढे जहाज सुटलं, वसंतराव काही सुटले नाहीत.

मी तेव्हा साठीची. ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत भरणाऱ्या रविवारच्या मराठी वर्गाची संस्थापक, संचालक आणि मुलांच्या मते पोलीस. खुर्ची एकच, माझी. "गुडघा दुखतो गं," म्हणायची. गुडघा ठणठणीत होता.

एकदा ताप आला म्हणून वर्ग वसंतरावांवर सोपवला. पुढच्या रविवारी बघते तर मुलं त्यांना घेरून बसलेली. "ताडाच्या तंतूंचं कापड, तांबं, हस्तिदंत! सगळं राजाच्या बंदरात यायचं." मुलं इथल्या बोलीच्या लकबीत ओरडत होती, "आजोबा, अगेन, लाह!" माझी नात इरा तर मान खाली घालून, राजा जेवतोय म्हणून, श्वास रोखून बसली होती. मी कडाडले, "आणि विभक्ती प्रत्यय कोण शिकवणार? लोआंगोचा राजा?" त्या दिवसापासून लोआंगो बंद.

दिवाळीपर्यंत वर्गात चार मुलं उरली. त्यात इरा, तीही मी दंडाला धरून आणलेली. वर्ग बुडणार हे दिसत होतं. नाक मुठीत धरून मी वसंतरावांकडे गेले.

त्यांनी कप वाजवला. मी निमूट मान खाली घातली.

"राज्य बुडालं कसं ठाऊक आहे? किनाऱ्यावरचे दलाल माजले. कापड, बंदुकांसाठी माणसं विकू लागले." त्यांनी चहा ढवळला. "दलाल गब्बर, राजा नावापुरता. त्यात रीत अशी, की जुन्या राजाला पुरल्याशिवाय नवा गादीवर बसायचा नाही. आणि पुरायचं वर्षानुवर्षं लांबणीवर! गादी रिकामी, आत मेलेला राजा."

"अरेरे, किती मूर्ख लोक!" मी म्हणाले.

वसंतराव चहा पीत राहिले. घरी जाताना लिफ्टमध्ये, सातव्या मजल्यावर, माझ्या डोक्यात उजेड पडला.

पुढच्या रविवारी खुर्ची त्यांना दिली. ते बसले जमिनीवरच, मुलांत. मीही बसले. उठताना गुडघा खरंच दुखला. पण लोआंगो परतलं आणि वर्ग हळूहळू भरला.

वसंतराव गेल्या वर्षी गेले. गुडघ्याच्या निमित्ताने मी पुन्हा खुर्चीवर. परवा वर्गात मी, आता कॉलेजात जाणाऱ्या इराला म्हटलं, "आता वर्ग तुझा. रीतीप्रमाणे आधी मला पुरावं लागेल."

"आजी, जिवंतपणी पण चालतं, लाह!"

मी कपावर चमचा वाजवला. मुलांनी माना खाली घातल्या. कुणी बघत नाही तोवर खुर्चीवरून उतरले.