माहेरचं पाणगवत

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामंजींना, सगळं भोर वकीलसाहेब म्हणायचं. कोर्टात त्यांचा शब्द किती चालत असे ते मला ठाऊक नाही. घरात मात्र चालायचा तो सासूबाईंचा. तेव्हा आपला हुकूम जिथे विनातक्रार चालेल अशी एखादी जागा घरात असावी, असं त्यांना पुष्कळ वर्षं वाटत असणार. मुंबईच्या एका पक्षकाराने त्यांची ती सोय केली. खटला जिंकल्याच्या आनंदात त्याने एक काचेची पेटी आणि तिच्यात सोडायला सोनेरी-तांबडे मासे भेट म्हणून पाठवले.

पेटी माजघरात खिडकीशी बसवली, कारण ओटीवर येणारे पक्षकार काचेवर टिचक्या मारतील अशी मामंजींना धास्ती. ब्राह्मणाच्या माजघरात मासे आले, ही बातमी आळीत पसरायला किती वेळ लागला असेल? शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या आणि दारात उभ्या राहून नाकाने घरभर फिरून गेल्या.

सजावट सगळी मामंजींची. तळाला रंगीत गोट्या, मधोमध चिनी मातीचा पूल आणि कडेने कागदावर मेण चढवून केलेली कमळं. कमळांचा गुलाबी रंग पाण्यात उतरायचा, मग मासे सरबतात पोहल्यासारखे दिसायचे. मामंजींना ते फार शोभिवंत वाटे.

आणि मासे मरायचे. सकाळी उठावं तर एखादा उताणा. माशांची बडदास्त मात्र जावयासारखी होती. पाणी रोज बदललं जाई, आणि तेही साधं नव्हे; पाहुण्याला द्यावं तसं, तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेलं, गाळलेलं. हंडा आठवड्याला चिंचेने लखलखीत घासला जाई. तो घासायचं काम माझं होतं, म्हणून माझ्या इतकं लक्षात आहे. मुंबईहून नवे मासे मागवायचे आणि त्यांना पवित्र पाणी पाजून मारायचं, असा क्रम चालला होता.

मी त्या घरातली एकुलती सून. आमचे हे पुण्याला वकिलीचा अभ्यास करत होते, म्हणजे करतात असं पत्रांतून कळायचं. माझं माहेर पासलीचं, वेल्ह्याच्याही पलीकडे डोंगरात. वडील गावचे कुलकर्णी होते, ते माझ्या लग्नानंतर लगेच वारले. आई धाकट्या भावाजवळ होती आणि तिची दृष्टी उतरत चालली होती. मागच्या दिवाळीला मी गेले तेव्हा तिने मला मिठीत घेतलं आणि हळूच विचारलं, "लुगडं कुठल्या रंगाचं नेसलीस गं?" हिरवंगार लुगडं होतं, आणि भर दुपार होती.

तेव्हापासून मला एकच ध्यास लागला होता. आईला पुरतं दिसेनासं होण्याआधी तिने मला डोळे भरून बघावं. पण सुनेला माहेरी पाठवायचं म्हणजे सण लागतो, बाळंतपण लागतं, नाहीतर कोणीतरी मरावं लागतं. आईचे डोळे जाणं या कशातच बसत नव्हतं. मी विचारलं की मामंजी मान डोलवत. "दिवाळीला बघू," म्हणत. दिवाळी कधीही विचारलं तरी लांबच असायची.

अशात एके दिवशी मामंजी हातात इंग्रजी मासिक घेऊन माजघरात आले. मोठा पुरावा सापडल्यासारखा चेहरा होता.

"चूक सापडली," ते सासूबाईंना म्हणाले. "पेटीत जिवंत वनस्पती हव्यात. वनस्पती पाण्यात प्राणवायू सोडतात, मासे तो घेतात. मग पाणी रोज बदलायलाच नको."

सासूबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. "मग इतके दिवस ती मेणाची कमळं काय सोडत होती?"

मामंजींनी हा प्रश्न कामकाजातून वगळला. "नीरेच्या पात्रात हवं तेवढं पाणगवत आहे. उद्याच आणवतो."

"नदीवरलं काही माझ्या माजघरात यायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "तिथे म्हशी डुंबतात, गावची धुणी पडतात. आणायचं तर डोंगरातल्या झऱ्याचं आणा. ज्याच्या वरच्या अंगाला वस्ती नाही अशा झऱ्याचं."

"असा झरा कुठे शोधत बसू मी?"

सासूबाईंनी एक खडा वेचून बाजूला टाकला. वर बघितलंसुद्धा नाही. "हिच्या पासलीला असेल. आणि आणायला हिलाच पाठवा. गडी माणूस काय वाटेल ते उपटून आणील."

मला वाटलं, बाईंच्या सोवळ्यापुढे आता झऱ्यांनीही हात टेकले. मनात हसले आणि त्याच रात्री बोचकं बांधलं.

भोरहून मोटारीने नसरापूर, तिथून बैलगाडीने मार्गासनी, मग वेल्हे, आणि पुढे पायांवर भरवसा. सोबतीला मामंजींचा म्हातारा कारकून. तो वाटभर, वकिलाकडे नोकरी धरून गवत आणायची वेळ आली म्हणून नशिबाला बोल लावत होता. मी ऐकत नव्हते. मला आई भेटणार होती, तीही विनासण!

पासलीला आमच्या शेताच्या वरच्या अंगाला एक झरा आहे. पाण्याखाली लांब पातीचं गवत डुलत असतं. मी लुगडं वर खोचून ते उपटायला लागले तेव्हा बांधावरून शेजारीण ओरडली, "आगं बया, ह्ये काय गं काडतीस?"

"गवत. भोरला न्यायचंय."

"गवात? भोरात भाजीपाला मिळंना झालाय व्हय?"

"माशांसाठी नेतेय. मामंजींनी मासे पाळलेत."

तिने कपाळावर हात मारला. "वकील मान्सं तुमी, तुमचं समदंच येगळं. आमी मासं धरून खातो, तुमी त्यान्लाच खाऊ घालताय!"

आई झऱ्याकाठी दगडावर बसली होती. मी जुडी तिच्या हातात दिली. तिने पाती बोटांनी चाचपली. "फार लांब आहे गं," म्हणाली. तिला अजून अंधुक दिसत होतं, पण माझा चेहरा सावलीसारखा दिसतो म्हणाली. आभाळ भरलेलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी मला निघायचं होतं. मला रडू आलं. रडले.

सागाच्या पानांत आणि ओल्या पंच्यात गुंडाळून गवत भोरला आलं, आणि पेटीचा कायापालट सुरू झाला. मामंजी धोतर खोचून उभे राहिले. कमळं गेली, गोट्या गेल्या, पूल गेला. पेटी रिकामी होईतो मासे कुठे ठेवायचे हा प्रश्न आला. मामंजी म्हणाले, "साध्या बादलीत नको. घंगाळ आणा."

घंगाळ म्हणजे आमच्या घरातलं सगळ्यात मानाचं भांडं. तांब्याचं, कड्यांचं, दिवाळीच्या अभ्यंगाला आणि जावयाच्या स्नानाला निघणारं. मी ते चिंच-मिठाने घासून आरशासारखं केलं आणि माशांचा त्यात गृहप्रवेश झाला. तांबड्या तळावर तांबडे मासे, दिसायला इतकं देखणं की मामंजींनी ओटीवरच्या पक्षकारांना आत बोलावून दाखवलं.

जेवणं होईतो मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. मामंजी म्हणाले, भूक लागली असेल. पोळीचे तुकडे टाकले. चहाच्या वेळेला बहुतेक सगळे उताणे झाले. शेवटी सासूबाईंनी घंगाळ मागितलं म्हणून उरलेसुरले मासे अंगणातल्या मातीच्या कुंडीत, आडाच्या पाण्यात सोडले. म्हटलं, मरायचे ते तिथे मरतील.

ते मेले नाहीत. कुंडीत ते असे फिरत होते जसं काही झालंच नाही. मामंजी कुंडीभोवती बराच वेळ येरझाऱ्या घालत राहिले आणि मग त्यांनी निकाल दिला: "माशांना तांब्याचं वावडं आहे. मला पहिल्यापासून संशय होता." म्हणजे आजवरचे सगळे मासे आमच्या हंड्याच्या पावित्र्याने गेले होते. घरातलं उत्तमातलं उत्तम त्यांना दिलं होतं आम्ही. यापुढे पाणी थेट आडातलं, मातीच्या घागरीतून द्यायचं ठरलं.

पण गवतही लावायचं होतं ना! मामंजींनी तळाला तुळशीवृंदावनात घालतात तशी काळी माती आणि शेणखत घातलं. "झाडाला खत नको का?" म्हणाले. चार दिवसांत पाणी गटारासारखं झालं, गवताची पाती गळून लगदा झाला आणि शेजारच्या काकूंना ज्या वासाची इतके दिवस आशा होती तो त्यांना एकदाचा मिळाला. बरं, मासे अजून कुंडीतच होते, म्हणून वाचले.

"परत आणायला हवं," मामंजी म्हणाले. "हिलाच पाठवा."

मला काय? मी निघाले. त्या खेपेला धुकं होतं. आईला चुलीच्या उजेडात माझ्या बांगड्या दिसल्या, तेवढ्यावर तिने समाधान मानलं.

या वेळी तळाला नदीची वाळू घातली. वाळूला सासूबाईंनी हरकत घेतली नाही. वाळूवर म्हशी डुंबत नाहीत की काय, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. गवत रुजलं. खिडकीतलं कोवळं ऊन पडलं की पात्यांवर हवेचे बारीक मोती दिसायचे. मासे त्यांतून सळसळत जायचे. खरं सांगायचं तर फार सुंदर दिसायचं. मामंजी खुर्ची टाकून समोर बसत आणि येईल त्याला प्राणवायूवर व्याख्यान देत. भोरातली निम्मी आळी ते ऐकून गेली. राहिलेल्या निम्म्या आळीला निरोप गेले होते.

एकटी मी त्या हिरव्या गवताकडे बघून मनात चरफडत होते. एक पातं पिवळं पडेना! किती जोमाने वाढत होतं मेलं. पासलीला असताना म्हशी खात होत्या त्याला, इथे काचेत येऊन राजेशाही थाट आला. त्याला नवी पालवी फुटली की माझं माहेर आणखी एक कोस लांब जायचं.

मग भावाचा निरोप आला. आईला आता फक्त भर उन्हात, तेही जवळ धरलेलं, दिसतं. वैद्य म्हणतो, पुढच्या महिन्यापर्यंत तेही जाईल. मी मामंजींच्या पुढे उभी राहिले. ते पेटीसमोर बसले होते. त्यांनी निरोप ऐकला, हळहळले, चांगले मनापासून हळहळले, आणि म्हणाले, "दिवाळीला जाच तू."

मी स्वयंपाकघरात आले आणि पिठात हात घालून उभी राहिले. सासूबाई सोवळ्यात होत्या, नैवेद्य व्हायचा होता. त्या वेळी आम्ही त्यांच्या सावलीपासूनही दूर राहत असू. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मामंजी ओटीवर गेल्याची चाहूल लागली तशा उठल्या, माजघरात गेल्या, आणि पेटीत कोपरापर्यंत हात घातला.

माशांच्या पाण्यात. सोवळ्यात.

मूठ भरून गवत मुळासकट वर आलं. पुन्हा हात घातला, पुन्हा मूठ. वाळू उसळली, मासे सैरावैरा झाले. सगळं गवत त्यांनी परसात शेणाच्या ढिगात पुरलं आणि परत येऊन उभ्या राहिल्या. हातातून पाणी गळत होतं.

"माझी आई गेली तेव्हा मी इथे पापड लाटत होते," त्या म्हणाल्या. "मलाही दिवाळीला जा म्हणाले होते. झऱ्याचंच गवत हवं म्हटलं होतं ना मी? मग त्यात काय कळायचं बाकी होतं तुला?"

मला तेव्हा कळलं. म्हशी, धुणी, वरच्या अंगाला वस्ती नसलेला झरा, सगळं. मी खाली वाकून त्यांचे पाय धरायला गेले तर म्हणाल्या, "शिवू नकोस, आधीच परत न्हायचंय मला." आणि ओरडल्या, "अहो, ऐकलंत का! तुमचं गवत कुजलं. सगळं काढून टाकावं लागलं."

मामंजी धावत आले. "कुजलं? सकाळी तर हिरवंगार होतं!"

"सकाळी होतं," सासूबाई म्हणाल्या आणि न्हाणीघराकडे गेल्या.

दुसऱ्याच दिवशी मी मोटारीत बसले. पासलीला पोचले तेव्हा स्वच्छ ऊन पडलं होतं. आईने मला अंगणात मधोमध उभं केलं, हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं आणि अगदी जवळून, नाकाला नाक लागेल इतक्या जवळून पाहिलं. लहानपणी मी पेरूच्या झाडावरून पडले होते, त्याची कपाळावर खोक आहे. ती तिने पाहिली. "आहे," म्हणाली. मग भुवया पाहिल्या, दात पाहिले, कानांतल्या कुड्या पाहिल्या. ऊन सरकलं तशी मलाही सरकवत राहिली. मी डोळे मिटले तर रागावली, म्हणाली, उघडे ठेव, तेच बघायचेत.

दिवाळीला मी परत गेले. त्या वेळी तिने ती खोक बोटांनी शोधली.